महाराक्षसीच्या भेटीला थोरला दीर

लोक लेह-लडाखला जातात आणि परत आल्यावर वर्षभर भेटेल त्याला तिथल्या ऑक्सिजनबद्दल ऐकवतात. मी गेल्या ऑक्टोबरात त्यांच्यापेक्षा पुष्कळ लांब जाऊन आलो. साडेपाचशे प्रकाशवर्षं. वाहन लोकल आणि रिक्षा, मुक्काम खांदेश्वर, सीबीडी बेलापूर आणि सारसोळे. कोपरखैरण्याहून निघून रोज झोपायला घरी आलो, तरी याला प्रवासच म्हणायचं असा माझा हट्ट आहे. कारण मी जिला भेटायला गेलो होतो ती माझा जीव घेणार होती. लडाखच्या पॅकेजमध्ये ही सोय नसते.

ती म्हणजे ज्येष्ठा. आकाशातली, वृश्चिक राशीतली, तांबडी. आमच्यात असं मानतात की ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी थोरल्या दिराला जड जाते. मूळ नक्षत्रावरची सासऱ्याला, आश्लेषावरची सासूला, म्हणजे सासरच्या मंडळींपैकी कुणाचीही गैरसोय होऊ नये अशी व्यवस्था आहे. आमच्या घरात सासरे, म्हणजे आमचे अप्पा, भिंतीवर हार घालून बसलेले. सासू, म्हणजे आई, ठणठणीत. आणि थोरला दीर मी. वय चव्वेचाळीस, रक्तदाब, तंबाखू, दोन मुलं, कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर माल पारखण्याची नोकरी. खरं सांगायचं तर मला मारायला ताऱ्याची काही गरजच नव्हती.

झालं असं, की माझा धाकटा भाऊ सुहास शाळेत पीटीचा शिक्षक आहे. पस्तिशीला आला तरी लग्नाचं नाव काढत नव्हता. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आई, मी ठरवलंय. मुलगी सारसोळ्याची आहे, कोळ्यांची. विज्ञान शिकवते."

मला वाटलं, आता कोळी म्हटल्यावर रामायण होणार. आम्ही साताऱ्याकडचे, आमच्याकडे जातीवरून चहासुद्धा गार होतो. पण आईने विचारलं ते भलतंच.

"नाव काय पोरीचं?"

"यामिनी."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "नक्षत्र कंचं हाय तिचं? इचार तिला फोन करून. आत्ता."

सुहासने विचारलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि उत्तर आलं, ज्येष्ठा. आईने ती भाकरी तव्यावर टाकली आणि जळेपर्यंत उलटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेरूळच्या एका गुरुजींकडे जाऊन आली. गुरुजी समजूतदार निघाले. म्हणाले, एक शांती करून घ्या आणि बार उडवून टाका. आता आमची आई म्हणजे मांजर आडवं गेलं तर रिक्षा परत फिरवणारी बाई. तिने शांतीला तयार व्हायला हवं होतं. पण ती म्हणाली, "शांतीनं काय हुत नसतंय. मला म्हाईत हाय." आणि विषय संपवला. सुहास चिडला. म्हणाला, मग मी कोर्टात लग्न करतो, तुम्ही या नाहीतर राहा. आईने त्या रात्रीचं जेवण सोडलं.

माझी बायको कल्पना मला म्हणाली, "विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत तेवढं सांगून ठेवा."

मी विचार केला, जिच्या हातून मरायचं तिला एकदा बघून तरी यावं.

खांदेश्वर

पण ऑक्टोबर लागला तरी ढग हलेनात. सुहास म्हणाला, "दादा, खरी नाही तर खोटी बघ. यामिनी उद्या खांदेश्वरच्या एका शाळेत आहे. तिचं फुगवायचं तारांगण आहे. मीही असाच भेटलो तिला. आमच्या शाळेत ते फुगवायला हेडमास्तरांनी पीटीच्या सरांना उभं केलं होतं."

खांदेश्वरला मी यापूर्वी कधी उतरलो नव्हतो. वाशीकडच्या माणसाला खांदेश्वर म्हणजे जवळजवळ पुणे. स्टेशन ऐसपैस, रस्ते रुंद, आणि माणसं आमच्यासारखी एकमेकांच्या अंगावर पाय देत चालत नाहीत. वडापाव खाल्ला. वडा चांगला होता, पण विकणाऱ्याने "अजून चटणी देऊ का?" असं विचारलं, तेव्हा आपण परप्रांतात आल्याची खात्री पटली. आमच्या बाजारात असं विचारणारा दुसऱ्या दिवशी उपाशी मरेल.

शाळेच्या हॉलमध्ये एक चंदेरी कापडाचा प्रचंड घुमट श्वास घेत उभा होता. एका बाजूला पंखा त्यात हवा भरत होता, दुसऱ्या बाजूला आत रांगत जायचं भोक. सहावीची पोरं सराईतपणे आत गेली. मी मधे अडकलो. आतून एक हात आला आणि कॉलरला धरून मला आत ओढलं.

"तुमीच दादा ना? सुहासचं नाक आहे तुमाला. बसा, टेन्शन नका घेऊ."

ही यामिनी. ठेंगणी, आवाज मासळीबाजारात सहज पोचेल असा, गळ्यात शिट्टी. अंधार झाला आणि डोक्यावर असं आकाश उघडलं की पोरं ओरडली. मीही ओरडलो असेन. नवी मुंबईत आम्हाला आकाशात विमानंच दिसतात.

तिने विंचू दाखवला, त्याच्या छातीत लाल ठिपका दाखवला. "ही ज्येष्ठा. हिला म्हणतात तांबडा महाराक्षसी तारा."

मी हात वर केला. "मॅडम, ही थोरल्या दिराला मारते का?"

पोरं हसली. ती शांतपणे म्हणाली, "दादा, हिला सूर्याच्या जागी ठेवली ना, तर बुध, शुक्र, आपली पृथ्वी आणि मंगळ, सगळे हिच्या पोटात जातील. हिला मारायचंच असेल तर ती एकट्या दिरावर थांबणार नाही."

मग तिने जे सांगितलं ते मी बाजारातल्या मंडळींना नंतर अनेकदा सांगितलं आहे, त्यामुळे पाठ आहे. तारा म्हणजे दोन माणसांची कुस्ती. ताऱ्याचं स्वतःचं वजन त्याला आत दाबतं, आतली आग बाहेर ढकलते. ज्येष्ठा सूर्याच्या बारा-पंधरा पट वजनाची. जितकी अंगापिंडाने मोठी तितकी खादाड, आणि तितकी लवकर संपणारी. आपला सूर्य साडेचारशे कोटी वर्षांचा झाला तरी अजून मधल्या वयात आहे. ही जेमतेम दीड कोटीची असेल, तरी म्हातारी झाली. आतला हायड्रोजन संपला तसा गाभा आक्रसला आणि बाहेरचं अंग फुगत गेलं, फुगून थंडावलं, म्हणून तांबडं दिसतं.

"म्हणजे नाव ज्येष्ठा आणि सूर्यापेक्षा धाकटी?" मी म्हटलं.

"कितीतरी. थोरला दीर बोलायचा तर सूर्य आहे, तुमी नाय."

मला एकदम हलकं वाटलं.

पुढे ती सांगू लागली, की अशा ताऱ्यात एक जळण संपलं की त्याची राख दुसरं जळण होते. हायड्रोजनचं हेलियम, हेलियमचा कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन. पहिलं जळण कोटभर वर्षं पुरतं, शेवटचं काही दिवसांत उरकतं. आणि सगळी जळणं एकाच वेळी चालू असतात, एकाच्या आत एक, पापुद्र्यांत.

"कांदा," मी म्हणालो. वीस वर्षं मी दुसरं काही बघितलेलंच नाही.

"बरोबर! पुस्तकातपण कांदाच म्हणतात. आणि बाहेरून कळत नाही आत कितवा पापुद्रा चालू आहे."

हे तर मला कुणी सांगायलाच नको. बाहेरून टणक, लालबुंद, चकचकीत, आणि चिरला की आत काळा, असे कांदे मी रोज परत पाठवतो. मी तिला तसं सांगणार, एवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. प्रोजेक्टर बॅटरीवर असल्यामुळे तारे तसेच राहिले, पण आकाश मात्र खाली येऊ लागलं. आधी ध्रुवतारा कलला, मग सप्तर्षी पोरांच्या डोक्यावर आले. यामिनीने शिट्टी मारली. "कोणी पळायचं नाही! खाली बसा! आकाश हलकं असतं!" पोरं खिदळत बसली. मी सर्वांत उंच असल्यामुळे पहिला मीच सापडलो. विंचू माझ्या तोंडावर पसरला आणि ज्येष्ठा नेमकी नाकावर येऊन टेकली.

कापडाखालून तिचा आवाज येतच होता. शिक्षकाची जात. "बघा, हेच होतं! पंखा म्हणजे आतली आग. शेवटी गाभ्यात लोखंड जमतं. लोखंड जाळून ताऱ्याला काही मिळत नाही. आग बंद, पंखा बंद! मग एका सेकंदाच्या आत गाभा कोसळतो आणि बाकीचा तारा फुटून उधळतो!"

"मग आम्ही मरतो का मॅडम?" एक पोरगी कापडाखालून विचारत होती.

"नाही. लांब आहे. आपल्याला फक्त उजेड येतो."

घरी, म्हणजे चूक

प्रवासात एक मोठी चूक करावी लागते, ती मी घरी केली. जेवताना ही सगळी गंमत रंगवून सांगितली. सुहास हसला, कल्पना हसली, मुलांना ठसका लागला. आई हसली नाही.

"अंगावर पडली?"

"कापड पडलं, आई."

"ज्येष्ठा पडली. तिच्याच हातनं. पयल्याच भेटीत." असं म्हणून तिने तोंडावर हात ठेवला. जे बोललं ते परत आत ढकलावं तसा. मग ती उठून गॅलरीत गेली.

सकाळी तिने तोडगा काढला होता. "तुला दत्तक देऊया."

"कुणाला?"

"तुज्या वसंताकाकाला. त्येला पोरबाळ न्हाई. तू त्येचा झालास की सुहासचा चुलत भाऊ. चुलत दिराला नक्षत्र लागत न्हाई."

कल्पनाने चहा खाली ठेवला. "आई, यात माझी सासू बदलते का? बदलत असेल तर मी सही करते."

मी समजावलं, की मला स्वतःला बारावीतला मुलगा आहे, या वयात मी गावी जाऊन कुणाच्या मांडीवर बसू? आईने ऐकलं नाही. तिने दत्तक होईपर्यंत जेवणार नाही असं सांगितलं, आणि ती दोन्ही वेळेला चहा-बिस्किटांवर राहू लागली. मी बाजारातून एका वकीलबाईंचा नंबर मिळवला.

सीबीडी बेलापूर

बेलापूर हा नवी मुंबईतला परदेशच आहे. सगळीकडे सरकारी इमारती, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे, आणि दुपारी एक वाजला की अख्खं शहर डबा उघडतं. आमच्या बाजारात माणूस गोणीवर बसून जेवतो आणि जेवता जेवता भाव करतो. इथे दोन कारकून दहा मिनिटं नुसती लोणच्याची फोड अदलाबदल करत होते, आणि कुणी त्यांना घाई करत नव्हतं. मला फार आवडलं. आईने मात्र पदर नाकाला लावला होता, जणू इमारतींना वास येत होता.

वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू दिली नाही. मग म्हणाल्या, "आजी, दत्तक द्यायला मूल पंधरा वर्षांच्या आतलं लागतं. आणि लग्न न झालेलं."

आईने माझ्याकडे बघितलं. "मनानं ल्हानच हाय तो."

"कोर्ट मन बघत नाही, आजी."

"मंग काय बघतं?"

"कागद."

आईने पदर परत नाकाला लावला. वकीलबाईंना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "नावाची काही अडचण असेल तर बघा. मुलीचं लग्नानंतर नाव बदलता येतं. ते अगदी सोपं आहे, मी करून देते."

आई एकदम उभी राहिली. "न्हाई. नाव न्हाई बदलायचं." आवाज इतका वर गेला की बाहेरचा शिपाई डोकावला. "पोरीच्या नावाला कुणी हात लावायचा न्हाई. चल रं संजू."

मला काही कळेना. जी बाई सुनेच्या नक्षत्रापायी उपाशी बसली आहे, ती त्या सुनेच्या नावासाठी भांडते कशी? कॅन्टीनमध्ये मी तिला बळेच उपमा दिला. तिने तो चमच्याने नुसता इकडून तिकडे केला. मी विचारलं तर म्हणाली, "खा गप."

सारसोळे

बेलापूरहून परत आलो त्याच संध्याकाळी यामिनीच्या वडिलांचा फोन आला, थेट आईला. फोन स्पीकरवर होता. "ताई, उद्या आमचेकडं जेवाला या. तुमाना आमचे हातचा चालेल ना? जेवा, आन् मंग नाय म्हनाचा तर नाय म्हना. उपाशी नाय म्हनू नका." जेवणाचं आमंत्रण मोडणं आईला मरेपर्यंत जमणार नाही. तिने होय म्हटलं.

सारसोळे म्हणजे नेरूळच्या पोटात राहिलेलं जुनं कोळ्यांचं गाव. एका गल्लीत शिरलं की टॉवर गायब, घरं एकमेकांना टेकलेली, दारात जाळी, अंगणात वाळत टाकलेला जवळा. आई त्या वासाने आधी थबकली, मग उपाशी पोटाने तिला दगा दिला. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, तळलेले बोंबील. आमच्याकडे मटण एका बाजूला आणि भाकरी दुसऱ्या बाजूला, असे समोरासमोर उभे राहतात. इथे भाकरी कालवणात विरघळून जाते. आईने दुसरी भाकरी घेतली तेव्हा सुहासने माझ्याकडे बघून डोळे पुसले. कालवण तिखट होतं असं त्याने नंतर सांगितलं.

जेवणं दिवसाउजेडीच झाली होती. अंधारू लागलं तेव्हा यामिनी म्हणाली, "ढग फाटलेत. चला जेट्टीवर. दादांना खरी दाखवते."

मी यामिनीच्या वडिलांबरोबर चालत होतो. गाळाने माखलेले पाय, डोक्याला टोपी. मला वाटलं, हा माणूस पिढ्यान्पिढ्या ताऱ्यांवरून होडी हाकणारा. मी आदराने विचारलं, "काका, तुम्ही खाडीत ज्येष्ठा बघून दिशा धरता का?"

"हॅ! मोबाईल हाय ना. वरती बघाला वेल कोनाला? पोरीलाबी बोलतंय मी, वरती नको बघू, खाली चिखल हाय." आणि ते बोलेपर्यंत माझा एक पाय चिखलात घोट्यापर्यंत गेला.

जेट्टीच्या टोकाला उभे राहिलो. खाडीवर वारा होता, पलीकडे दिव्यांची रांग. नैऋत्येला मला लाल ठिपका दिसला, मोठा, तेजस्वी. अंगावर काटा आला. मी हात जोडले. "आई, हीच ती!" आईनेही घाईघाईने हात जोडले.

यामिनी म्हणाली, "दादा, ती टॉवरवरच्या क्रेनची बत्ती आहे. विमान आपटू नये म्हणून लावतात. जरा वर बघा. हात लांब करून एक वीत वर."

वर ती होती. क्रेनच्या बत्तीपेक्षा कितीतरी लहान, फिकट केशरी, थोडी थरथरणारी. मला मारायला निघालेली हीच, यावर विश्वास बसेना.

"हा उजेड तिकडून निघून साडेपाचशे वर्षं झाली," यामिनी आईला सांगत होती. "ती शांत दिसते, पण शांत नाही. तिच्या अंगावर तापलेल्या वायूचे बुडबुडे फुटतात, एकेक बुडबुडा सूर्यापेक्षा मोठा. ती कधी मंद होते, कधी उजळ. स्वतःचं अंग धूळ करून उधळत राहते. तिला एक जोडीदार आहे, निळा, छोटा, तिच्या उजेडात दिसत नाही. आणि अशीच दुसरी म्हणजे आर्द्रा."

"आर्द्रा पेरनीची," आई म्हणाली.

"तीच. तीपण महाराक्षसी. काही वर्षांपूर्वी ती एकाएकी मंद झाली. सगळे म्हणाले, आता फुटणार, आता काहीतरी वाईट होणार. मग कळलं, तिने नुसती धूळ उडवली होती, आणि ती धूळ मधे आली होती. लोकांना फार घाई असते."

"राक्षसी म्हनायचं व्हय?" आईने विचारलं. "ताऱ्यालाबी?"

"शास्त्रातला शब्द आहे, आई. मोठी म्हणून."

"मोठी असंल. पन राक्षसीण तिला दुसऱ्यांनी म्हनलं." ती जेट्टीच्या कठड्यावर बसली. "मला वाटत न्हाई तारा कुनाला मारतोय म्हून. मी काय येडी हाय?"

तिने मला हाताने जवळ बोलावलं.

"संजू, तुजा मोठा चुलता. माजा थोरला दीर, फोटोतला. माजं लगीन होऊन वरीस झालं नव्हतं. हितं मुंबैला जुन्या बाजारात गोणींची थप्पी त्येच्या अंगावर आली. मी गावाला शेणी थापत हुते. सासूबाईंनी भटाला बोलावलं, म्हनल्या, ह्या पोरीचं नक्षत्र बघा. माजी जल्मयेळ माज्या बापालाबी ठाव नव्हती. भटानं नाव इचारलं. यमुना. पयल्या अक्षरावरनं नक्षत्र काढलं, 'य', 'या' म्हंजे ज्येष्ठा. झालं. दुसऱ्या दिशी माजं नाव शांता ठिवलं. शांती केली, होम केला, समदं केलं. पन तुजी आत्या अजूनबी माज्या हातचा चहा घेताना आदी बशीत बघती."

आईचं नाव यमुना होतं, हे मला चव्वेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. तिच्या आधार कार्डावर शांता आहे, रेशन कार्डावर शांता आहे, अप्पा तिला शांताच म्हणायचे. मी माल पारखणारा माणूस. मला लाज वाटली आणि राग आला. राग कुणावर काढायचा तेही कळेना, कारण आजीही फोटोतच आहे.

"तुमी म्हनाल, आता कोन बोलतंय असलं," आई म्हणाली. "हा परवा कापडाखाली सापडला. तवा पयलं कोन बोल्लं? मी बोल्ले. माज्याच तोंडातनं आलं, तिच्याच हातनं पडली म्हून. मला सोताला ठाव असताना मी बोल्ले. मंग बाकीची सोडतील व्हय? ह्येला उद्या ताप आला तरी ह्या पोरीकडं बघतील. म्हून म्हनत हुते, नको."

यामिनी तिच्याशेजारी बसली. एरवी सहावीच्या पन्नास पोरांना गप्प करणारी बाई, तिने आधी आईचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "मी ऐकून घेणार नाही, आई."

"तू घेशील, न घेशील. बोलनारी थांबत न्हाईत."

"मग तुमी थांबवा."

खाडीतून एक होडी आली, तिच्या माणसाने यामिनीच्या वडिलांना हाक मारली, त्यांनी काहीतरी ओरडून उत्तर दिलं. आई वर बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"तू मरायचं न्हाईस."

"बरं," मी म्हणालो.

"बरं न्हाई. गोळी येळेवर घ्यायची. हेल्मेट घालायचं. आन् ती पुडी काढ खिशातली."

मी पुडी काढली आणि भावनेच्या भरात पाण्यात भिरकावायला हात उगारला. यामिनीच्या वडिलांनी तो वरच्यावर धरला. "खारीत नको टाकू! मासं खातील, मंग आमी खाव!" पुडी त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली. तिचं पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही.

परत कोपरखैरणे

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ यांचं. हॉल आमच्याच सेक्टरमधला. जेवणात साताऱ्याचं मटण आणि सारसोळ्याचे बोंबील, दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांच्या पंगतीत संशयाने डोकावत होते. ताटातल्या तांदळात अंगठीने नव्या नवरीचं नाव लिहायची वेळ आली. आईने सुहासच्या मागे उभं राहून अक्षर अक्षर बघितलं. यामिनी. जसंच्या तसं.

मग व्याह्यांना टोपी घालायला मला स्टेजवर बोलावलं. टोपी घातली, मिठी मारली, फोटोसाठी हसलो, आणि उतरताना शेवटची पायरी चुकलो. चांगला धप्पदिशी पडलो. नवीन सदरा, गुडघा, घोटा, सगळं एकदम.

बँडवाला वाजवायचा थांबला. मी जमिनीवरून बघत होतो, म्हणून मला नीट दिसलं. आमच्याकडची सगळी डोकी एकाच वेळी वळली, आणि माझ्याकडे नाही, स्टेजवर उभ्या यामिनीकडे. पहिल्या रांगेतून आमची इंदूआत्या, अप्पांची बहीण, बाजूच्या बाईला ऐकू जाईल आणि बाकीच्यांनाही जाईल अशा आवाजात म्हणाली, "ज्येष्ठा म्हनल्यावर काय…"

आई पंगतीत वाढत होती. हातात आमटीची बादली होती. ती तशीच स्टेजपाशी आली आणि माझ्या आणि आत्याच्या मधे उभी राहिली.

"वन्सं, ज्येष्ठा साडेपाचशे वर्सं लांब हाय. पायरी हितं हाय. ह्येला ल्हानपनापास्नं नीट चालता येत न्हाई." बादली तिने खाली ठेवली. "तरीबी कुनाला बोलायचंच असंल, तर माज्या सुनंला न्हाई बोलायचं. मला बोला. मी यमुना. मी हितं उबी हाय."

आत्याने मान खाली घातली. तोपर्यंत यामिनी शालू आवरत खाली बसून माझा घोटा चाचपत होती.